घरी छोटा रीफ टँक लावायचाय? आधी पाण्याचं बघा

खाऱ्या पाण्याचा टँक लावायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो मासे कुठले ठेवू आणि दुसरा येतो लाईट कुठली घेऊ, पण या दोन्ही गोष्टी खरं म्हणजे खूप नंतरच्या आहेत. आपल्याकडे घरचे रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) वाढवायचे खाऱ्या पाण्याचे टँक, बंद पडतात ते जवळजवळ नेहमी पाण्यापायी. एकतर नळाचं नाहीतर स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं पाणी घातलेलं असतं, किंवा एप्रिल-मेमध्ये पाणी तापून कोरल पांढरं पडतं, किंवा टँक भरल्यावर आठवड्याभरात मासे सोडलेले असतात आणि ते एकेक करून जातात. म्हणून मी सगळ्यांना सांगते की पैसे खर्च करायचा क्रम बदला, आधी पाणी बनवायची आणि थंड ठेवायची सोय, मग दगड-वाळू, मग लाईट, आणि मासे सगळ्यात शेवटी. बजेट कमी असेल तर मासे कमी घ्या, पाण्यावरचा खर्च कमी करू नका.

टँक केवढा घ्यायचा हे आधी ठरवू. टेबलावर ठेवायचे २०-३० लिटरचे क्यूब मिळतात, दिसतात फार गोड, पण नवीन माणसाने तिथून सुरुवात करू नये कारण पाणी जितकं कमी तितकं ते पटकन बिघडतं, लिटरभर पाणी उडालं की खारटपणा बदलला, एक गोगलगाय मरून पडली की अमोनिया वर. दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच हे माप मला सुरुवातीला सगळ्यात बरं वाटतं. काठोकाठ भरला तर सव्वाशे लिटरच्या थोडं वर जातो, पण दगड-वाळूची जागा आणि वर सोडलेली दोन-तीन बोटं धरली तर खरं पाणी १०० लिटरच्या आसपास राहतं, आणि पुढचे सगळे हिशोब १०० ला सोपे पडतात. काच १० एमएमची घ्या. पाणी, दगड, काच सगळं मिळून वजन दीडशे किलोच्या पुढे जातं, त्यामुळे टीव्ही युनिटवर वगैरे ठेवायचा विचारसुद्धा नको, नीट स्टँड बनवून घ्या, तो भिंतीला लागून ठेवा, खाली लेव्हल बघा आणि टँकखाली थर्मोकोलची किंवा फोमची शीट टाका. खिडकीचं ऊन थेट पडणारी जागा नको, आणि स्वयंपाकघराच्या दाराजवळची पण नको कारण फोडणीच्या तेलाचा तवंग पाण्यावर येतो. अर्थिंग असलेला वेगळा पॉईंट पाहिजे, आणि त्या लाईनवर आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, नसेल तर बसवून घ्या, खारं पाणी आणि वीज एकत्र आहे हे कायम लक्षात ठेवायचं. सगळ्या वायरी सॉकेटच्या खाली लोंबत्या येऊन मग वर गेल्या पाहिजेत, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खालीच टपकतं, सॉकेटमध्ये जात नाही.

आता एक गोष्ट खरेदीच्या आधी स्पष्ट करते कारण पुढचं सगळं प्लॅनिंग तिच्यावर आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या शेड्यूल १ मध्ये सगळे कडक कोरल येतात, म्हणजे ज्यांचा दगडासारखा सांगाडा असतो ते सगळे. अॅक्रोपोरा, माँटिपोरा, ब्रेन कोरल तर आहेतच पण व्हिडिओत हलताना इतके सुंदर दिसणारे हॅमर आणि टॉर्च हे पण कडक कोरलच आहेत, वरून मऊ दिसतात म्हणून लोकांना वाटतं चालेल, चालत नाही. सी फॅन, काळं प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल, समुद्रघोडे, हे पण त्याच यादीत. समुद्रातून काढलेला लाईव्ह रॉक म्हणजे तरी काय, बहुतेक वेळा मेलेल्या कोरलचेच तुकडे असतात, तोही नको. दुकानदार म्हणेल इम्पोर्टेड आहे, कागद आहेत, तरी माझा सल्ला सरळ आहे की हात लावू नका. आणि हे फक्त कायद्याच्या भीतीने नाही सांगत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात डोकं घालून जे दिसतं ते आपल्या महाराष्ट्राचं जिवंत रीफ आहे, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, आणि अगदी मुंबईत वरळी-हाजी अलीच्या खडकांवर कोरल वाढतं, कोस्टल रोडच्या कामाच्या वेळी २०२० मध्ये तिथल्या वसाहती वनखात्याची परवानगी घेऊन, उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. ज्याला सरकारी प्रकल्पाला सुद्धा परवानगीशिवाय हात लावता येत नाही ते आपल्या हॉलमध्ये शोभेला कशाला पाहिजे. किनाऱ्यावर सापडलेला कोरलचा पांढरा तुकडा पण उचलून आणू नका.

मग राहतं काय? भरपूर राहतं. मश्रूम कोरल, झोआ (छोट्या फुलांच्या गुच्छासारखे दिसतात ते), लेदर, केनिया ट्री, झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप, ही सगळी मऊ कोरल दोन फुटी टँकमध्ये मस्त वाढतात, लाईट कमी लागते, थोडं इकडेतिकडे झालं तर सहन करतात आणि पाण्यात हलतात पण सुंदर. कोणाकडे टँकमध्ये वाढलेल्या कोरलचे तुकडे मिळत असतील, ज्याला सगळे फ्रॅग म्हणतात, तर तेच घ्या.

पाणी कुठून आणायचं

समुद्र अर्ध्या तासावर आहे तर तिथून कॅन भरून आणू का, हे मुंबई-अलिबागकडचे लोक हमखास विचारतात. नको. खाडीचं आणि सांडपाण्याचं पाणी त्यात मिसळलेलं असतं, पावसाळ्यात खारटपणा कितीतरी उतरतो, आणि कुठल्या दिवशी त्यात काय असेल ते तुम्हाला कळणार नाही. घरी बनवायचं.

घरी बनवायचं म्हणजे आरओ-डीआयचं पाणी (आरओ मेंब्रेनमधून आणि मग उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनमधून काढलेलं) अधिक रीफ सॉल्ट. आपल्या घरातल्या प्युरिफायरवर आरओ लिहिलेलं असतं म्हणून लोक तेच वापरतात, पण त्यात पाण्याला चव यावी म्हणून टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज लावलेलं असतं, ते थोडं मूळ पाणी किंवा क्षार परत मिसळतं, आणि टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) टाकून बघितलं तर ५०-१०० दाखवतं. प्यायला उत्तम, टँकला नाही, कारण त्यातले फॉस्फेट आणि सिलिका म्हणजे शेवाळाचं खत. मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. त्यासाठी मेंब्रेनमधून निघालेलं पाणी टीडीएस कंट्रोलरच्या आधीच वेगळ्या नळीने काढून डीआय रेझिनच्या कार्ट्रिजमधून न्यायचं, हे काम प्युरिफायरवाला माणूस करून देतो, फक्त त्याला नीट समजावून सांगा की हे पाणी प्यायचं नाहीये. नाहीतर तीन-चार स्टेजचं वेगळं युनिट बाथरूममध्ये लावा. धरणाचं पाणी येतं तिथे रेझिन बरंच टिकतं, बोअर किंवा टँकरचं पाणी असेल तर लवकर संपतं, म्हणून दर वेळी पाणी काढताना मीटर लावायची सवय करा, आकडा शून्यावरून हलला की रेझिन बदला. बॅटरीत घालायचं पाणी मिळतं ते वापरू नका, त्यावर दर्जाची खात्री कसलीच नसते.

मीठ रीफचंच लागतं. घरातलं मीठ म्हणजे नुसतं सोडियम क्लोराईड, समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट सगळं असतं. रेड सी, इन्स्टंट ओशन, ट्रॉपिक मरीन असे ब्रँड आपल्याकडे मिळतात, कुठलाही एक धरा आणि तोच वापरत रहा. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम पडतं, नक्की प्रमाण डब्यावर असतं. बादलीत आधी पाणी, त्यात छोटा पंप फिरता ठेवायचा, मग मीठ हळूहळू सोडायचं. मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियम पांढऱ्या भुकटीसारखं खाली बसतं आणि मग ते विरघळत नाही. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, तो हलत्या काट्याचा प्लास्टिकचा हायड्रोमीटर नको, त्याच्या काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार) कॅलिब्रेशन सोल्युशनने सेट करायचा आणि पाणी ३५ पीपीटीवर, म्हणजे १.०२६ विशिष्ट गुरुत्वाच्या आसपास आणायचं. मिठाचा डबा उघडल्यावर झाकण घट्ट पाहिजे, कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात उघडी पिशवी आठवड्यात दगड होते.

आपली खरी अडचण उन्हाळा

परदेशी व्हिडिओत हीटरवर अर्धा तास बोलतात, आपल्याला मात्र पाणी थंड करायचंय. रीफला २५ ते २७ डिग्री छान. मे महिन्यात मुंबईतली खोली ३२-३३ ला असते, त्यात पंप आणि लाईटची उष्णता, म्हणजे पाणी त्याच्याही वर. कोरलच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, तेच उजेडावर साखर बनवून कोरलला पोसतं, आणि पाणी जास्त दिवस तापलेलं राहिलं की कोरल ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं, यालाच ब्लीचिंग म्हणतात. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं. तिथे अख्खा समुद्र तापला होता, आपल्याकडे १०० लिटर पाणी आहे, ते आपण थंड ठेवू शकतो, मग ठेवलंच पाहिजे ना.

पर्याय तीन. टँकच्या काठाला लावायचे छोटे कुलिंग फॅन, ते पाण्याचं बाष्पीभवन करून गारवा देतात, म्हणून पुणे, नाशिक, संभाजीनगर अशा कोरड्या हवेत उन्हाळ्यात ३-४ डिग्री सहज उतरतात, पण मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत एक-दोन डिग्रीवर अडकतात. दुसरा पर्याय, ज्या खोलीत एसी तसाही दिवसरात्र चालतो तिथे टँक ठेवणं, फक्त रात्री एसी आणि दिवसा बंद असं असेल तर तापमान वरखाली होतं आणि ते आणखी वाईट. तिसरा चिलर. महाग आहे, आवाज करतो, आणि काढलेली उष्णता खोलीतच फेकतो म्हणून त्याला हवा खेळती पाहिजे, पण किनारपट्टीवर आणि विदर्भात राहत असाल तर मी म्हणेन चिलरचे पैसे बाजूला ठेवल्याशिवाय टँकच घेऊ नका. पुणे-नाशिकच्या डिसेंबरच्या रात्रीला १०० वॉटचा हीटर २५ वर लावून ठेवला की झालं.

फॅन लावले की पाणी उडतं, आणि इथे सगळे गडबडतात. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. दिवसाला तीन लिटर उडालं आणि तीन दिवस कोणी बघितलं नाही तर ३५ चं साडेअडतीस पीपीटी होतं. त्यामुळे रोजची भर ही नेहमी गोड्या आरओ-डीआय पाण्याचीच, खारं पाणी फक्त पाणी बदलताना. हाताने घालत असाल तर काचेवर मार्करने रेघ मारा आणि रोज सकाळी रेघेपर्यंत भरा. जमलं तर ऑटो टॉपअप, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणारा पंप, घ्या, पण त्याची टाकी १० लिटरपेक्षा मोठी ठेवू नका, कारण सेन्सर कधीतरी अडकतोच आणि सगळी टाकी ओतून मोकळा होतो. १०० मध्ये १० लिटर गोडं पाणी गेलं तर खारटपणा ३२ च्या जवळ येईल, त्यातून टँक सावरतो. ४० लिटर गेलं तर नाही सावरत.

दगड, वाळू, पंप, लाईट

हा भाग त्यामानाने सोपा आहे. समुद्रातून न काढलेला, बनवलेला रीफ रॉक किंवा सिरॅमिकचा छिद्रांचा दगड १० किलोच्या आसपास, आणि अॅरागोनाईट वाळू तळाला इंचभर. दगड काचेवर थेट ठेवा आणि वाळू नंतर भरा, वाळूवर दगड ठेवला तर खालून उकरणारा मासा तो पाडतो. दगडाची भिंत रचू नका, मधून पाणी फिरलं पाहिजे आणि मागच्या काचेपर्यंत तुमचा हात आणि काच पुसायचं मॅग्नेट गेलं पाहिजे. नदीतले दगड, बांधकामाची वाळू, रंगीत खडी यातलं काहीही नको.

पाणी फिरवायला वेव्हमेकर. मऊ कोरलला टँकच्या साधारण २० पट फिरवणं पुरतं, म्हणजे आपल्याला तासाला २००० लिटरचा एक, किंवा हजार-हजारचे दोन समोरासमोर, दोन जास्त चांगले. मागच्या काचेला हँग ऑन फिल्टर, त्यात फिल्टर वूल आणि थोडा अॅक्टिव्हेटेड कार्बन. वूल दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर अडकलेली घाण तिथेच कुजते. कार्बन ठेवाच कारण लेदर कोरल शेजाऱ्यांना त्रास देणारी रसायनं पाण्यात सोडतं. प्रोटीन स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र, आला तर उत्तम, पण या मापाला दर आठवड्याला नियमाने पाणी बदलणार असाल तर त्याशिवायही चालतं.

लाईट रीफसाठी बनवलेली एलईडी, निळी जास्त आणि पांढरी कमी, टायमरवर दिवसाला ८ तास. पहिल्या दिवसापासून फुल लावू नका, ३०-४० टक्क्यांवर सुरू करून महिन्या-दीड महिन्यात वाढवा. मऊ कोरलला महागडी लाईट लागत नाही, इथे वाचलेले पैसे चिलरला लावा.

आणि वरती जाळी. फायरफिश, गोबी, हे मासे उड्या मारतात, सकाळी जमिनीवर सुकलेले सापडतात. काचेचं झाकण नको, हवा अडते आणि पाणी तापतं, खिडकीला लावतो ती नायलॉनची मच्छरजाळी फ्रेमवर ताणून ठेवा.

थांबायचं, पण काय बघत थांबायचं

टँक भरला, पाणी स्वच्छ झालं, दिसायला आता तयार आहे. नाहीये तयार. माशाच्या शीतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विष आहे. दगडावर बॅक्टेरिया बसले की ते अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे बॅक्टेरिया नायट्राइटचं नायट्रेट, जे त्यामानाने निरुपद्रवी असतं. हे बॅक्टेरिया जमायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यांना खायला द्यावं लागतं, म्हणून बाटलीतलं अमोनियम क्लोराईड, अमोनिया २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) होईल इतकं घाला, किंवा जुनी पद्धत, बाजारातली कच्ची कोळंबी एक तुकडा जाळीच्या पिशवीत बांधून टाका, वास येतो पण काम करते. बाटलीतले बॅक्टेरिया घातले तर प्रक्रिया लवकर होते पण टेस्ट तरीही करायचीच. २ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की टँक तयार. मग अर्धं पाणी बदलून वाढलेलं नायट्रेट खाली आणा. या सगळ्या काळात लाईट बंद ठेवा.

या काळात काही दुकानात सांगतात की दोन निळे डॅम्सेल सोडा, स्वस्त आहेत, मेले तरी चालतील. असं करू नका. त्या जीवाचे कल्ले अमोनियाने जळत राहतात, आणि तो वाचलाच तर पुढे टँकचा दादा होऊन बाकी कोणाला जगू देत नाही.

लाईट सुरू केली की पंधरा दिवसांत वाळूवर तपकिरी थर येईल, ते डायटम, मग हिरवं शेवाळ, कधी लालसर चिकट चादर. नवीन टँक यातून जातोच, घाबरून औषधं ओतू नका. ट्रोकस जातीच्या तीन-चार गोगलगाई आणि दोन-तीन नासारियस पुरतात, एकदम वीस आणल्या तर शेवाळ संपल्यावर उपाशी मरतात. आणि नायट्रेट-फॉस्फेट अगदी शून्यावर नेण्याच्या मागे लागू नका, मऊ कोरलला ते थोडं लागतंच, नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या मध्ये असू द्या. दोन्ही शून्य झालं की डायनो (डायनोफ्लॅजेलेट, तपकिरी चिकट थर करणारे सूक्ष्म जीव) येतात आणि ते काढणं शेवाळापेक्षा कितीतरी अवघड.

कोरल आणि मासे

पहिलं कोरल मश्रूम. खाली, सावलीत, कमी प्रवाहात ठेवा. महिनाभर नीट उघडलं तर झोआ, मग लेदर. लेदर अधूनमधून आठवडाभर मिटून बसतं, अंगावर मेणासारखा पापुद्रा येतो, लोकांना वाटतं गेलं आणि काढून टाकतात, तसं करू नका, ते कात टाकतंय, थोडा प्रवाह वाढवा म्हणजे पापुद्रा निघून जाईल. झेनिया आणि ग्रीन स्टार पॉलिप हे मुख्य दगडाला कधीच लावायचे नाहीत, वाळूत एकटा दगड ठेवून त्यावर लावा, नाहीतर वर्षभरात सगळा टँक त्यांचा.

झोआबद्दल एक अगदी महत्त्वाचं. झोआ आणि त्यांच्यासारखेच दिसणारे पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असू शकतं. हाताळताना ग्लोव्हज आणि चष्मा, हाताला जखम असेल तर हात घालायचाच नाही, आणि हे असलेला दगड साफ करायला उकळायचा, गरम पाण्याने धुवायचा किंवा ब्रशने कोरडा घासायचा नाही. त्याची वाफ श्वासात गेल्याने अख्खी कुटुंबं हॉस्पिटलमध्ये पोचल्याच्या घटना परदेशात झाल्या आहेत. घरात लहान मुलं असतील तर झोआ सोडून द्या, बाकी कोरल काही कमी नाहीत.

माशांमध्ये ऑसेलारिस क्लाउनफिशची जोडी, आणि तीही हॅचरीत जन्मलेली. समुद्रातून धरलेल्यापेक्षा ती जास्त टिकते आणि पहिल्या दिवसापासून गोळ्यांचं खाणं खाते. आपल्याकडे सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) हे तंत्र केव्हाच बसवलंय आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या कोस्टल अँड मरीन बायोडायव्हर्सिटी सेंटरमध्ये मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनची क्लाउनफिशची हॅचरी आहे, त्यामुळे हॅचरीचा मासा मिळत नाही ही सबब चालणार नाही, दुकानदाराला मागा. जोडी निवडताना एक छोटा आणि एक मोठा घ्या, क्लाउन सगळे जन्मतः नर असतात, मोठा असेल तो मादी होतो आणि भांडण मिटतं. त्यांना अॅनिमोन (समुद्रफूल) लागत नाही. अॅनिमोन चालत चालत वेव्हमेकरमध्ये जातं आणि चिरडलं की सगळं पाणी नासवतं. नंतर एखादा वॉचमन गोबी किंवा फायरफिश, आणि एक क्लीनर श्रिंप. एवढंच, टँक भरला. ब्लू टँग मोठा होऊन फूटभर जातो, मँडरिन जिवंत बारीक किडे खातो जे नवीन टँकमध्ये नसतात, तो आपल्या डोळ्यासमोर उपाशी मरतो. दोघंही कितीही आवडले तरी नाही.

नवीन मासा थेट टँकमध्ये नको. ४० लिटरचा साधा टब, त्यात स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाईपचा तुकडा, तिथे तीन-चार आठवडे ठेवून अंगावर पांढरे ठिपके येतात का बघा. आले तर औषध तिथेच, कारण त्या औषधातलं कॉपर (तांबं) मुख्य टँकमध्ये गेलं की श्रिंप, गोगलगाई आणि कोरल सगळं संपतं.

रोजचं आणि आठवड्याचं

दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं. दर आठवड्याला १० लिटर पाणी बदला, नवीन पाण्याचा खारटपणा आणि तापमान टँकएवढं असलं पाहिजे. मऊ कोरलला यातूनच कॅल्शियम वगैरे मिळून जातं, वेगळं डोसिंग लागत नाही, फक्त केएच (पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेटचं प्रमाण) ८-९ च्या आसपास आहे ना ते बघत रहा.

आपल्या घरातला एक धोका परदेशी गाईडमध्ये कुठेच लिहिलेला नसतो. डास मारायचे स्प्रे, झुरळांचं औषध, पेस्ट कंट्रोल, यातली द्रव्यं श्रिंप आणि खेकड्यांना मारतात, अगदी थोडी पाण्यात गेली तरी. त्या खोलीत फवारणी नाहीच. धूप, अगरबत्ती, मच्छर कॉइल टँकपासून लांब, आणि टँकमध्ये हात घालण्याआधी साबण, अत्तर, सॅनिटायझर नीट धुवून टाका. सोसायटीचं पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी माणसाला आधीच सांगून ठेवा की ही खोली सोडा.

लाईट गेली की मासे आधी ऑक्सिजनअभावी जातात, तापमानाचा प्रश्न नंतर येतो. इन्व्हर्टरवर चिलर आणि लाईट घेऊ नका, फक्त एक वेव्हमेकर घ्या, तो थोडेच वॉट खातो आणि रात्रभर चालतो. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा एअर पंप घरात ठेवा. लाईट नसताना खाणं घालायचं नाही.

गावाला जाताना, गणपतीत म्हणा किंवा मे महिन्यात, शेजारच्या काकूंना चावी देऊन खाण्याचा डबा त्यांच्या हातात देऊ नका, प्रेमाने जास्तच घातलं जातं. आठवड्याची औषधं ठेवायची ती कप्प्यांची डबी मिळते, तिच्यात रोजच्या गोळ्या मोजून भरून ठेवा, बाकीचा डबा कपाटात. टॉपअपच्या पाण्याच्या बाटल्यांवर वारांची नावं लिहा, खारं पाणी घरात उघड्यावर ठेवूच नका म्हणजे चुकून ते घातलं जाणार नाही. निघायच्या आदल्या दिवशी नवीन मासा, नवीन कोरल, नवीन पंप यातलं काहीही करू नका, आणि काकूंना रोज सकाळी थर्मामीटरचा एक फोटो व्हॉट्सअॅपवर टाकायला सांगा. २८ च्या वर दिसलं तर फोन करून दुसरा फॅन चालू करायला सांगायचं, त्याचं बटण कुठलं ते आधीच चिठ्ठी चिकटवून दाखवून ठेवा.